पाण्यावर ओरडायचं नाही

माझ्या बाबांना गावात एका गोष्टीचा फार अभिमान होता. आपल्या मुलीला पोहता येत नाही, हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. आम्ही ढिवर. गावाला लागून मोठा जुना तलाव आहे आणि त्यातली मासेमारी हेच आमच्या मोहल्ल्याचं पोट. इथली मुलं-मुली धड चालायला लागायच्या आधी पाण्यात डुंबतात. अशा मोहल्ल्यात न पोहणारी मुलगी म्हणजे खरं तर हसण्याचा विषय, पण बाबांचं डोकं वेगळं चालायचं.

"तिच्या हातात मी पुस्तक देलं, जाळं नाई," ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्यांना सांगायचे. "तिले पोहणं कायले पाह्यजे?"

मी घोट्याएवढ्या पाण्यात पाय घातला तरी ते आपला डोंगा काठाला आणायचे. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली आमची होडी. दंडाला धरून मला पाळीवर नेऊन बसवायचे आणि एक शब्द न बोलता परत जायचे. माझ्या वयाच्या पोरी डुबक्या मारायच्या आणि मी कोरड्या फ्रॉकमध्ये पाढे पाठ करायची. तेव्हा मला बाबांचा भयंकर राग यायचा. थोडासा अजूनही येतो.

पुस्तकानं मला आधी ब्रह्मपुरीला नेलं, मग नागपूरला, आणि शेवटी समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेत. मुलीला पाण्यापासून लांब ठेवायला निघालेल्या माणसाच्या मुलीनं समुद्र हा विषय घेतला, यावर आमच्या मोहल्ल्यात बरीच करमणूक झाली. त्यातही माझा विषय समुद्री बर्फ. दक्षिण ध्रुवाभोवतीचं समुद्राचं पाणी हिवाळ्यात वरून गोठतं, दूरवर पांढरा थर पसरतो, आणि उन्हाळ्यात त्यातला बराचसा विरघळतो. हे दरवर्षीचं. पण अलीकडे हा थर पूर्वीइतका पसरत नाही आणि त्याचं कारण नीट कळायला हवं, म्हणून आमच्यासारखे लोक उपग्रहाच्या चित्रांकडे डोळे लावून बसतात. मी सहा वर्षं तो बर्फ मोजत होते आणि एकदाही त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

बर्फ आईला माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे इथे प्रामाणिकपणे सांगते. ती आठवडी बाजारात मासळी विकते. वडशाच्या कारखान्यातून बर्फाची लादी येते, बारदान्यात गुंडाळलेली, वर धानाचा भुसा. बारा वाजेपर्यंत लादी अर्धी होते आणि त्याच्या आत रोहू विकला गेला पाहिजे. आईचं सगळं आयुष्य वितळत्या बर्फाच्या पुढे पळण्यात गेलं. मी काय शिकते ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बर्फ वितळून राह्यला, हे समजाले एवढं शिका लागते का व?"

बाबांना मात्र माझ्या विषयात खोट काढायची होती. एका दिवाळीत त्यांनी स्टीलचा गिलास काठोकाठ भरला, आईच्या मासळीच्या डब्यातला बर्फाचा खडा त्यात सोडला आणि मांडी घालून समोर बसले.

"पाह्य आता. बर्फ वितळला का पाणी सांडते. असाच समुद्र गावावर येते न?"

आई पिण्याच्या गिलासाला मासळीचा वास लागला म्हणून बडबडत होती. आम्ही दोघं वाट बघत बसलो. खडा विरघळला. थेंबही सांडला नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतक्या पाण्याची जागा आधीच धरून बसलेला असतो, हे मी सांगितलं आणि बाबा चिडले.

"मंग तुमी लोक फिकीर कशाची करून राह्यले?"

मी म्हटलं, रंगाची. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. तो गेला की खाली काळं पाणी उरतं, ते ऊन पिऊन गरम होतं आणि उरलेला बर्फही खातं. शिवाय ध्रुवावरच्या जमिनीवर बसलेला जो बर्फ आहे, त्याच्यापुढचा हा आडोसा निघून जातो, आणि तो जमिनीवरचा बर्फ समुद्रात आला तर मात्र गिलास सांडतो.

बाबांनी गिलास उचलून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे मे महिन्यात डोक्यावरचा पांढरा दुपट्टा काढून टाकणं झालं हे." ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही, तिथल्या माणसाला यापुढे काही समजवावं लागलं नाही. त्यानंतर मी फोन केला की ते माझ्या तब्येतीआधी बर्फाची खुशाली सांगायला लावायचे.

आणि मग जहाजाची संधी आली.

उपग्रह बर्फाची पाण्यावरची उंची मोजतो आणि त्यावरून आम्ही खालची जाडी काढतो. साधारण एक भाग वर, नऊ भाग खाली. पण बर्फावर हिम साचलं की त्याच्या भारानं बर्फ खाली दबतो आणि आमचं गणित चुकतं. म्हणून कोणीतरी तिथे जाऊन भोक पाडायचं, त्यात पट्टी घालायची आणि खरी जाडी बघायची. आमच्या गटातून एकाच माणसाला जहाजावर जागा होती आणि ती मला मिळाली. पत्रात एक अट होती. पोहता आलं पाहिजे, आणि जहाज सुटण्याआधी पाण्यातल्या बचावाची परीक्षा पास झाली पाहिजे. नाही झालात तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

मी शहरातल्या पोहण्याच्या क्लासला गेले. आठवडाभर काठाची सळई धरून उभी राहिले. शेजारी सात-आठ वर्षांची मुलं उड्या मारत होती आणि त्यांच्या आया माझ्याकडे दयेनं बघत होत्या. शेवटी एका संध्याकाळी घरी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकलं आणि फोन आईकडे दिला. ती म्हणाली की ते जेवायला बसले होते, ते तसेच ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच फोन केला.

"मीच तुले पाण्याजवळ येऊ देलं नाई," ते म्हणाले. "तुहं जहाज माह्यामुळं चुकते का आता?"

मी म्हटलं, असं काही नाही बाबा. पण तसंच होतं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी तीन आठवड्यांची सुट्टी काढली आणि गावी आले.

दसरा होऊन गेला होता. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाळीच्या पलीकडे धान पिवळं पडायला लागलं होतं. पहिल्या दिवशी मी सलवार-कुर्त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि घाटावर कपडे धुणाऱ्या सगळ्या बायकांनी धुणं बंद केलं. बाबांनी तेलाचे दोन रिकामे प्लास्टिकचे डबे दोरीनं माझ्या पाठीला बांधले.

"डाक्टरीन बाई बुडून राह्यली, पाहा व!" एक म्हातारी ओरडली. मी डॉक्टरेट केली तेव्हापासून ती मला गुडघ्याचं औषध विचारते.

बाबा शिक्षक म्हणून चांगले होते, हे मला तेव्हा कळलं. ते घाई करत नसत. माझ्या पाठीखाली त्यांचा हात असायचा आणि ते फक्त एवढंच म्हणायचे, "आंग सोड. सोड आंग." चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हात केव्हाचाच काढलेला आहे. मी घाबरून पाणी प्यायले, पण मग पुन्हा तरंगले. दुसऱ्या आठवड्यात डबे सुटले. तिसऱ्या आठवड्यात मी डोंग्यापासून घाटापर्यंत पोहत आले आणि त्या म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

बाबांनी मला शिकवलं ते ढिवराचं पोहणं. हातपाय पाण्याच्या वर काढायचे नाहीत, खळबळ करायची नाही, श्वास नाकानं हळू. आणि तोंड बंद. आमच्याकडे पाण्यावर कोणी बोलत नाही. मासा हाकायचा तर डोंग्याच्या काठावर काठी वाजवतात, दुसऱ्या डोंग्यातल्या माणसाला बोलवायचं तर हात दाखवतात. जाळं पाण्यात असताना माणसाचा आवाज काढणं म्हणजे सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी ओतणं. हे मला कोणी वेगळं शिकवलं नाही. बाबा शिकवताना काठाजवळही कुजबुजायचे, म्हणून मीही कुजबुजायचे.

परीक्षा एका मोठ्या तरणतलावात झाली. परीक्षक नौदलातून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. जाकीट घालून उंचावरून उडी मारायची, ती मी मारली. पाण्यात स्थिर तरंगायचं, तशी मी तरंगले. इतकी छान तरंगले की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग शिट्टी वाजली. शिट्टीनंतर हात वर करून मदतीसाठी ओरडायचं होतं, बचावाची बोट तुमच्याकडे यावी म्हणून. सकाळीच समजावून सांगितलं होतं. पण अंग सोडलेलं, डोळे अर्धे मिटलेले, तोंड बंद. पाण्यात असताना ओरडायचं असतं हे माझ्या डोक्यातूनच गेलं. दुसरी शिट्टी झाली. मला वाटलं दुसऱ्या कोणासाठी असेल.

मग धप्पकन आवाज आला. परीक्षक बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरले होते आणि माझी कॉलर धरून मला काठाकडे ओढत होते. त्यांना वाटलं, मी बेशुद्ध पडले.

"मी ठीक आहे, सोडा मला!" मी चिडून म्हणाले.

"हे आता बोलताय होय?" ते माझ्याहून जास्त चिडले. काठावर बसून बुटातलं पाणी ओतत त्यांनी मला सांगितलं की लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, आवाज नाही दिला तर बोट शेजारून निघून जाते. "तुम्ही पोहता चांगलं," ते म्हणाले, "पण तुम्ही कोणाला सापडणार नाही." आणि त्यांनी मला नापास केलं. दोन आठवड्यांनी शेवटची तुकडी होती. तेवढी एकच संधी उरली होती.

त्यांचं बरोबर होतं, हे कबूल करायला मला रात्र जावी लागली. सकाळी घरी फोन केला. काय चुकलं ते बाबांनी मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे शिकवणं माह्यंच चुकलं," ते म्हणाले. "आधी शिकवलं नाई म्हणून, आता शिकवलं म्हणून. ये परत."

मी परत गेले. या वेळी शिकायचं होतं ते एवढंच, की पाण्यात असताना ओरडायचं. ऐकायला किती सोपं आहे. बाबांनी दुपारची वेळ निवडली, जेव्हा कोणाचं जाळं पाण्यात नसतं. मला डोंग्यात घालून तलावाच्या मध्यावर नेलं. मी पाण्यात उतरले, अंग सोडलं.

"ओरड," बाबा कुजबुजले.

"वाचवा," मी म्हणाले. कोणी जेवताना मीठ मागावं, तेवढ्या आवाजात.

"मोठ्यानं."

"वाचवा." 

जमिनीवर माझा आवाज काही नाजूक नाही, संस्थेत माझ्या केबिनचं दार लोक त्यासाठीच लावून घेतात. पण तिथे, त्या पाण्यात, बाबांसमोर, तो निघेचना. चार-पाच वेळा झालं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही आवाज मी होऊ दिला नाही.

बाबा डोंग्यात उभे होते. त्यांनी एकदा काठाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग छाती भरून श्वास घेतला.

"वाचवा होऽऽऽ!" ते ओरडले. "वाचवा होऽऽऽ! बुडालो होऽऽऽ!"

चाळीस वर्षं त्या तलावावर जो माणूस खोकतानासुद्धा दुपट्टा तोंडावर धरत होता, त्याचा तो आवाज. पलीकडच्या काठावरचे सगळे बगळे उडाले. मी दचकून गटांगळी खाल्ली. वर येऊन बघते तर पाळीवर माणसं पळत होती.

पाण्यावरून माणसाची हाक आली तर आमच्या गावात तिचा एकच अर्थ होतो, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. एकजण दोर घेऊन पळाला, एक ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन. न्हाव्याकडे बसलेला एक गृहस्थ अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून आला. तीन डोंगे पाण्यात ढकलले गेले. आणि आई. आईला पोहता येतं, पण तीस वर्षांत ती तलावात खोल उतरली नव्हती. ती हाताला पीठ लागलेलं असतानाच धावत आली आणि लुगड्यासकट गळ्याएवढ्या पाण्यात शिरली.

बाबा डोंग्यात तसेच उभे. पडलेल्या चेहऱ्यानं.

"शिकवून राह्यलो तिले," ते काठाला आल्यावर म्हणाले.

"शिकवाचं होतं तं सांगून मराचं होतं न!" आई पाण्यातूनच कडाडली. मग ती रडायला लागली, मग तिला हसू आलं, आणि मग तिनं ओंजळभर पाणी बाबांच्या तोंडावर मारलं. अख्खी पाळ हसली.

घाटावरच्या त्या म्हातारीनं मग निकाल दिला. "आता आलोच आहो तं पोरीचा आवाज ऐकूनच जाऊ." सगळे पाळीवर बसले, दोर, ट्यूब आणि अर्धी दाढी. मला पुन्हा मध्यावर नेलं. मी ओरडले.

"नाई आलं ऐकू!" पाळीवरून उत्तर आलं.

त्या दिवसापासून जायच्या दिवसापर्यंत रोज दुपारी माझी परीक्षा झाली. परीक्षक सगळा मोहल्ला. पहिले दोन दिवस फक्त घाटापर्यंत आवाज पोचला, मग पाळीपर्यंत, मग मारुतीच्या पारापर्यंत. तिथे बसून पत्ते खेळणाऱ्यांनी निरोप पाठवला की आता पुरे, डाव चुकून राह्यला. बाबा मात्र पुरे म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी मी बसमध्ये चढताना ते खिडकीखाली आले.

"या बारीही झालं नाई तं," ते म्हणाले आणि थांबले. बस सुरू झाली होती. "तं माह्यावर राग ठेवजो, पण बर्फावर नको."

नागपूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि शेजारच्या बाईंनी मला दोनदा पाणी विचारलं.

दुसऱ्या परीक्षेचं फारसं सांगण्यासारखं नाही. शिट्टी वाजली, मी हात वर केला आणि ओरडले. परीक्षकांनी कानावर हात ठेवले आणि लांबूनच बस, बस असं खुणावलं. या वेळी त्यांचे बूट कोरडे राहिले. त्यांनी कागदावर सही केली, कागद माझ्या हातात दिला, आणि मी ओल्या कपड्यांत तशीच भिंतीला टेकून घरी फोन लावला.

फोन आईनं उचलला. ती पाळीवर होती, बाबा पाण्यात. जाळं लावायची वेळ होती ती.

"आई, पास झाले."

तिनं काही विचारलं नाही. पाळीवरून धावताना तिच्या चपलांचा आवाज मला फोनमध्ये ऐकू आला. मग ती थांबली. बहुतेक हात हलवत असावी, कारण बांगड्या वाजत होत्या. हाक तिनं मारली नाही. मी वाट बघत राहिले.

"समजलं का त्यांना?" मी विचारलं.

"समजलं," आई म्हणाली. "उभा होता, खाली बसला डोंग्यात."

"मग? काय म्हणतात?"

"काई नाई म्हणत. तोंड धुऊन राह्यला."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अजून धुऊनच राह्यला व तो."